परदेशात दाखवायच्या कागदपत्रांचे साक्षांकन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सातारा जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने दिलेला जन्मदाखला नेदरलँड्समधील नगरपालिकेच्या खिडकीवर ठेवला, तर तेथील कर्मचाऱ्यासमोर साधा प्रश्न उभा राहतो: ही सही खरोखरच दाखला देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची आहे का? ग्रामसेवकाची सही त्याने कधी पाहिलेली नसते आणि पाहण्याचे कारणही नसते. म्हणून ग्रामसेवकाची सही राज्य सरकारचा अधिकारी ओळखतो, त्या अधिकाऱ्याची सही केंद्र सरकारचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते, आणि परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर परदेशातील कार्यालय मान्य करते. नोटरी, साक्षांकन, अपोस्टिल (हेग कराराच्या सदस्य देशांत चालणारे सहीच्या खरेपणाचे प्रमाणपत्र) आणि दूतावासाचा शिक्का या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एवढाच आहे.

यातील कोणताही शिक्का दाखल्यातील मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. मजकुराची जबाबदारी आपली नाही, आपण केवळ सही करणाऱ्याची सही ओळखतो, असे परराष्ट्र मंत्रालय स्वतःच स्पष्ट सांगते. जन्मतारीख चुकलेल्या दाखल्यावरही सर्व शिक्के बिनबोभाट बसतात आणि ती चूक शिक्क्यांसह परदेशी जाते. त्यामुळे शिक्के मिळवण्याआधी कागद तपासण्यात घालवलेला वेळ सर्वांत मोलाचा असतो, आणि नेमका तोच वेळ बहुतेक जण घालवत नाहीत.

पहिली पायरी: जिथे कागद द्यायचा आहे तिथे आधी विचारणे

बहुतेक लोक सुरुवात घराजवळच्या नोटरीपासून किंवा एजंटपासून करतात. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. जे विद्यापीठ, जी नगरपालिका, जो नियोक्ता किंवा जे व्हिसा कार्यालय कागद स्वीकारणार आहे, त्याला ईमेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. मूळ दाखला लागेल की प्रमाणित प्रत चालेल, अपोस्टिल पुरेसे आहे की दूतावासाचे साक्षांकनही हवे, दाखला किती जुना चालतो आणि अनुवाद कोणत्या भाषेत, कोणाकडून करून घ्यायचा, एवढे कळले की पुढचा मार्ग जवळजवळ ठरतो. दाखल्याच्या वयाचा प्रश्न लोक विसरतात. वीस वर्षांपूर्वी मिळालेला जन्मदाखला भारतात कोणी नाकारत नाही. काही युरोपीय कार्यालये मात्र गेल्या काही महिन्यांत नव्याने काढलेली प्रत मागतात. अशा वेळी जुन्या प्रतीवर केलेला सर्व खर्च वाया जातो. उलट, अनेक ठिकाणी साक्षांकन मागितलेलेच नसते. उत्तर अमेरिकेतील कित्येक विद्यापीठांना आणि पदवी मूल्यमापन संस्थांना गुणपत्रकांची प्रत भारतीय विद्यापीठाकडून थेट, बंद पाकिटात किंवा ऑनलाइन आलेली हवी असते. त्यावर अपोस्टिलचा उपयोग नसतो.

त्यानंतर देशाचा प्रश्न येतो. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झालेल्या करारातील सदस्य देश एकमेकांचे सार्वजनिक दस्तऐवज केवळ अपोस्टिल या एका प्रमाणपत्रावर स्वीकारतात. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, स्पेन, पोर्तुगाल, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपान सदस्य आहेत. आखाती देशांत ओमान आणि बहारीन बऱ्याच वर्षांपासून सदस्य आहेत. सौदी अरेबियासाठी करार ७ डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडासाठी ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत यांच्यासाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन आणि त्यावर त्या देशाच्या दूतावासाचे साक्षांकन, असा जुना, लांबचा रस्ता घ्यावा लागतो. सौदी किंवा कॅनडाला पूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाचा सल्ला या बाबतीत हमखास शिळा असतो, कारण त्याच्या वेळी दूतावासाचा शिक्का लागत असे.

सदस्य देशांची यादी पाहून तेवढ्यावर थांबू नये. नव्याने सामील होणाऱ्या देशाबाबत हरकत घेण्याची मुभा जुन्या सदस्यांना असते आणि हरकत असेपर्यंत त्या दोन देशांमध्ये करार लागू होत नाही. भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने अशी हरकत नोंदवली होती. त्यामुळे जर्मनीत काम असेल तर अपोस्टिलचे पैसे भरण्यापूर्वी जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरील दस्तऐवजांविषयीची सूचना वाचावी आणि तिथल्या कार्यालयाला नेमके काय हवे ते विचारावे.

दुसरी पायरी: योग्य मूळ दाखला हातात घेणे

जन्माचा आणि मृत्यूचा दाखला जिथे ती घटना घडली तेथील निबंधक देतो: शहरात महानगरपालिका किंवा नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. जन्म आजोळी झाला असेल तर नोंद आजोळच्या गावी असते, वडिलांच्या गावी नव्हे. महाराष्ट्रातील सध्याचे दाखले मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात. पूर्वीचे दाखले मात्र हस्ताक्षरातील आणि पुष्कळदा केवळ मराठीतील असतात. तसा जुना दाखला हाती असेल तर तोच पुढे न रेटता त्याच नोंदीवरून नव्या नमुन्यातील दाखला काढून घ्यावा. नव्या दाखल्यावर सही करणारा अधिकारी आज पदावर असतो, त्यामुळे त्याच्या सहीची पडताळणी सोपी जाते आणि अनुवादाचा खर्चही बहुधा वाचतो. नेदरलँड्समधील नगरपालिका, उदाहरणार्थ, इंग्रजी मजकूर असलेला दाखला सहसा तसाच स्वीकारतात.

जुन्या नोंदींमध्ये बाळाचे नाव नसणे ही नेहमीची अडचण आहे. बारशाआधीच नोंद झालेली असते, नावाच्या जागी रेघ असते आणि आईवडिलांची नावे तेवढी लिहिलेली असतात. असा दाखला परदेशात निरुपयोगी ठरतो. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ मध्ये नाव नंतर नोंदवण्याची तरतूद आहे. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि आईवडिलांची ओळखपत्रे घेऊन त्याच निबंधकाकडे अर्ज करावा. नोंदच सापडत नसेल तर निबंधकाकडून तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी घ्यावे. अनेक देश या प्रमाणपत्रासोबत शाळेचा दाखला आणि आईवडिलांचे किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र पर्याय म्हणून स्वीकारतात, परंतु तो पर्याय चालेल का हे पुन्हा पहिल्या पायरीवरच विचारायचे असते.

विवाहाच्या बाबतीत लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती आणि नोटरीसमोर केलेले लग्नाचे प्रतिज्ञापत्र यांपैकी काहीही विवाह प्रमाणपत्राची जागा घेत नाही. नोटरींना विवाह किंवा घटस्फोटाचे दस्तऐवज करण्याचा अधिकार नाही, हे केंद्रीय विधी व्यवहार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. महाराष्ट्रात धार्मिक पद्धतीने झालेल्या विवाहाची नोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार होते. नमुना ड मध्ये ज्ञापन दिल्यावर नमुना ई मधील प्रमाणपत्र मिळते. लग्नाला कितीही वर्षे झाली असली तरी नोंदणी करता येते. विशेष विवाह अधिनियम १९५४ खाली झालेल्या विवाहाचे प्रमाणपत्र विवाह अधिकाऱ्याकडून मिळते आणि परदेशातही ते विनाशंका चालते.

आता नावाविषयी, कारण सर्वाधिक प्रकरणे इथेच अडतात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत परदेशी अर्जाच्या दोन चौकटींत नीट बसत नाही. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आणि लग्नानंतरच्या पासपोर्टवर पतीचे नाव, अशी एकाच स्त्रीची चार कागदांवर चार नावे असणे आपल्याला खटकत नाही. परदेशातील अधिकाऱ्याला मात्र त्या चार वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात. त्यात इंग्रजी वर्णलेखनाची भर पडते. मराठीत एकच असलेले आडनाव एका दाखल्यावर एका अक्षराने कमी आणि दुसऱ्यावर एका अक्षराने जास्त लिहिलेले असते. म्हणून सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावे. ज्या कार्यालयाने चूक केली तिथे दुरुस्ती शक्य असेल तर तीच करून घ्यावी, वेळखाऊ असली तरी. दुरुस्ती शक्य नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे. नाव खरोखरच बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावे. राजपत्रासाठीचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. प्रतिज्ञापत्र हा दुय्यम उपाय आहे, हे लक्षात ठेवावे. स्वतःविषयी स्वतःच लिहून दिलेल्या कागदाला सगळीकडे सारखे वजन मिळत नाही.

कोणत्याही मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नये. साक्षांकनाचे शिक्के आणि अपोस्टिलचे स्टिकर कागदाच्या पाठीमागे लागतात. प्लास्टिकवर ते लावता येत नाहीत. पदवी प्रमाणपत्र आधीच लॅमिनेट केलेले असेल तर ते ओढून काढण्याच्या नादात फाटण्यापेक्षा विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवावी.

तिसरी पायरी: नोटरी लागतो का, हे ठरवणे

सगळे काही नोटरीपासून सुरू होते ही समजूत चुकीची आहे. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, न्यायालयाचा हुकूमनामा आणि विद्यापीठाची पदवी हे सक्षम अधिकाऱ्याने दिलेले दस्तऐवज आहेत. त्यांच्या मूळ प्रतीला नोटरीची गरज सहसा नसते. जन्मदाखल्याची झेरॉक्स काढून ती नोटरीकडून खरी प्रत म्हणून प्रमाणित केली, तर नोटरीने सही केलेला एक वेगळाच दस्तऐवज तयार होतो. पुढचे सगळे शिक्के त्या नोटरीच्या सहीला लागतात, निबंधकाच्या सहीला नव्हे. ज्याला निबंधकाचा मूळ दाखला हवा आहे तो अधिकारी असा कागद परत करतो.

नोटरी लागतो तो खासगी कागदांना: मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, मुलाला एका पालकासोबत परदेशी नेण्यासाठी दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र, प्रायोजकत्वाचे पत्र. असे कागद घरून सही करून आणू नयेत. सही नोटरीसमोर व्हायची असते, मूळ ओळखपत्र दाखवायचे असते आणि नोटरीच्या नोंदवहीत आपली सही व्हायची असते. नोंदवहीतील अनुक्रमांक आणि तारीख कागदावर उमटली आहे का, हे तिथेच पाहून घ्यावे. नोटरी नियम १९५६ प्रमाणे नोटरीची मोहोर पाच सेंटिमीटर व्यासाची, गोल असते आणि तिच्यावर त्याचे नाव, कार्यक्षेत्र आणि त्याला नेमणाऱ्या सरकारचे नाव असते. त्याच्या व्यवसाय प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे. मोहोर सुबक दिसते म्हणून मुदत चालू असतेच असे नाही. न्यायालयाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून माणूस समोर नसतानाही शिक्का मारून देणारे भेटतात. तिथे वाचलेला अर्धा तास पुढे राज्याच्या कार्यालयात महागात पडतो, कारण तिथे नोटरीच्या सहीचा नमुना जुळावा लागतो.

मुद्रांकाच्या बाबतीत एक बदल ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तऐवजांवरील शंभर रुपयांचे किमान मुद्रांक शुल्क पाचशे रुपये झाले आहे. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना असलेली माफी परदेशी वापराच्या कागदाला आपोआप लागू होईल असे धरून चालू नये. कागद लिहिण्यापूर्वीच नोटरीला शुल्क विचारावे.

चौथी पायरी: राज्य सरकारचे साक्षांकन

महाराष्ट्रातील वैयक्तिक दाखले, म्हणजे जन्म, मृत्यू आणि विवाहाचे, तसेच नोटरी केलेली मुखत्यारपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे यांचे साक्षांकन मुंबईत मंत्रालयातील गृह विभागाकडे होते. शैक्षणिक कागदांचे साक्षांकन राज्याच्या शिक्षणविषयक प्राधिकाऱ्याकडे होते आणि त्यापूर्वी विद्यापीठाची किंवा मंडळाची पडताळणी मागितली जाते. दाखला ज्या राज्याने दिला त्याच राज्याचे साक्षांकन लागते, हा नियम महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा. इंदूरला जन्म, बेळगावला शाळा आणि पुण्याला पदवी असेल तर तीन राज्यांचे तीन रस्ते धरावे लागतात. प्रत्येक राज्यात कोणाच्या सहीला मान्यता आहे याची माहिती परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते.

गोव्याच्या वाचकांसाठी थोडे वेगळे. पोर्तुगीज राजवटीपासून तिथे नागरी नोंदणीची स्वतंत्र परंपरा आहे. पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करायची असेल तर साधा दाखला पुरत नाही. मूळ नोंदीची शब्दशः प्रत लागते आणि तिच्यावर अपोस्टिल करावे लागते.

पासपोर्ट कार्यालयाने दिलेले पोलीस पडताळणी प्रमाणपत्र हे केंद्र सरकारचेच असल्यामुळे त्याला राज्याच्या साक्षांकनाची गरज पडत नाही. स्थानिक पोलीस आयुक्तालयाने दिलेले प्रमाणपत्र मात्र राज्याच्या वाटेनेच जाते. दोन्हींपैकी कोणते हवे हे परदेशी कार्यालयाने सांगितलेले असते; सांगितले नसेल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून काढावे. हे प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी काढावे, कारण ते लवकर जुने होते.

पाचवी पायरी: परराष्ट्र मंत्रालय

जुलै २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालय व्यक्तींकडून कागद थेट स्वीकारत नाही. मान्यताप्राप्त संस्थांच्या संकलन केंद्रांवर ते द्यावे लागतात. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरही होते आणि मुंबई त्या शहरांपैकी एक आहे. अपोस्टिलचे शासकीय शुल्क दर दस्तऐवजामागे पन्नास रुपये आहे आणि साध्या साक्षांकनाला शुल्क नाही. त्यावर संकलन करणाऱ्या संस्थेचा ठरलेला सेवाआकार तेवढा लागतो. ज्या एजंटने एका जन्मदाखल्यासाठी काही हजार रुपये सांगितले आहेत, तो या पन्नास रुपयांव्यतिरिक्त स्वतःच्या धावपळीचे पैसे घेत असतो. मुंबईपासून दूर राहणाऱ्याने ते देणे गैर नाही. पण पावती कशाची, मूळ कागद कोणाच्या ताब्यात आणि राज्याचे साक्षांकन नेमके कुठून होणार, हे लेखी घ्यावे. मान्यताप्राप्त संस्थांची नावे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत आणि स्वतःला मान्यताप्राप्त म्हणवणारे प्रत्येक दुकान त्या यादीत नसते. अर्जासोबत पासपोर्टची प्रत लागते. मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ई-सनद या सेवेत काही संस्थांचे दस्तऐवज ऑनलाइन पडताळून कागद न नेताच साक्षांकन होते; आपले मंडळ किंवा विद्यापीठ त्यात आहे का हे आधी पाहिल्यास चौथी पायरी कधी कधी टळते.

अपोस्टिल हातात आले की ते वाचून पाहावे. त्यावर क्रमांकाने दहा नोंदी असतात: देश, सही करणाऱ्याचे नाव, त्याचे पद, मोहोर कोणाची, ठिकाण, तारीख, देणारा अधिकारी, अनुक्रमांक, मोहोर आणि सही. दुसऱ्या नोंदीत आपले नाव नसून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असते, हे पाहून अनेक जण दचकतात. ते तसेच असायला हवे. अनुक्रमांक आणि तारीख घालून ऑनलाइन नोंदवहीत पडताळणी करता येते. ती स्वतः करावी आणि तिची प्रत जवळ ठेवावी. अपोस्टिल लावलेला कागद स्कॅनरसाठी स्टेपल काढून वेगळा करू नये.

कराराने अपोस्टिलला मुदत घातलेली नाही. जुने होते ते अपोस्टिल नव्हे, त्याखालचा दाखला.

सहावी पायरी: दूतावास, आणि त्यानंतर

सदस्य नसलेल्या देशांसाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दिल्लीतील दूतावासाचे किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाचे साक्षांकन लागते. त्यांचे शुल्क भारतीय शुल्काच्या कित्येक पट असते. अमिरातीसाठी एवढ्यावरही काम संपत नाही: तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शेवटचा शिक्का घ्यावा लागतो. नोकरीचा करार झाला असेल तर हा खर्च नियोक्ता देणार का, हे आधीच विचारून घ्यावे. अनेक कंपन्या देतात, परंतु विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

अनुवाद कधी करावा याविषयी गोंधळ असतो. परदेशातील अनुवादकाकडून करायचा असेल तर अपोस्टिल झाल्यानंतरच करावा, म्हणजे अपोस्टिलवरील मजकुराचाही अनुवाद होतो. जर्मनी, स्पेन, इटली अशा ठिकाणी शपथबद्ध अनुवादकाचा अनुवाद मागतात आणि पुण्यात करून नेलेला उत्तम अनुवादही तिथे नाकारला जाऊ शकतो. भारतात केलेला अनुवाद चालणार असेल, तर तो अनुवादकाच्या घोषणेसह नोटरीकडून प्रमाणित करून त्यावर स्वतंत्र अपोस्टिल लागेल का, हे विचारावे.

परदेशी पोहोचल्यानंतर

शिकागो किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाला पुण्यातील सदनिका विकण्यासाठी भावाला मुखत्यारपत्र द्यायचे असते तेव्हा हीच साखळी उलटी फिरते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करावी, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून त्या देशाचे अपोस्टिल घ्यावे. अमेरिकेत ते बहुधा ज्या राज्यात नोटरी नेमलेला आहे त्या राज्याचे कार्यालय देते. कागद महाराष्ट्रात आल्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, म्हणून कुरियरचे पाकीट आणि त्यावरील तारीख फेकून देऊ नये. दुय्यम निबंधक कोणता मार्ग स्वीकारतो हे भावाने आधी जाऊन विचारलेले बरे. वकिलातीने साक्षांकित केलेल्या कागदावर परत अपोस्टिल मागायला जाऊ नये: वकिलातीतील अधिकाऱ्यांनी केलेले दस्तऐवज हेगच्या करारातून मुळातच वगळलेले आहेत.

सर्व कागदांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंचे रंगीत स्कॅन प्रत्येक पायरीनंतर करून ठेवावेत. मूळ कागद सामानात न टाकता हातातल्या पिशवीत न्यावेत, आणि जन्म व विवाह प्रमाणपत्रांच्या दोन दोन मूळ प्रती काढून दोन्हींवर अपोस्टिल घेऊन ठेवावे, कारण काही परदेशी कार्यालये मूळ प्रत ठेवून घेतात आणि परत करत नाहीत.